वाचकांचे प्रश्न : पायाळू बाळ आणि करंगळीचा चिनी शेक

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत. दिवस भरत आले तरी पोटातल्या बाळाचे डोके वरच आहे, ते खाली यावे म्हणून काय करावे, आणि विशेषतः चिनी वैद्यकात सांगितलेला पायाच्या करंगळीचा शेक घ्यावा की नाही, असे त्यांतील प्रश्न आहेत. म्हणून या अंकातले सदर मी याच विषयाला देत आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मला ३२वा आठवडा चालू आहे. पहिलीच खेप आहे. सोनोग्राफीत बाळाचे डोके वर आणि कुल्ले खाली असल्याचे दिसले. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या चिनी आजी म्हणतात की त्यांच्या वैद्याकडे जाऊन करंगळीला ‘आय’चा शेक घे, बाळ फिरते. माझ्या डॉक्टरांनी ‘करून पाहायला हरकत नाही’ एवढेच सांगितले. आई मात्र फोनवर म्हणते की पोटुशी बाईने असल्या जळत्या वस्तूंच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. हा खरोखर उपचार आहे की अंधश्रद्धा? (एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : आधी उत्तर देते आणि मग कारणे सांगते. हा शेक अंधश्रद्धा नाही. त्यावर रीतसर अभ्यास झाले आहेत आणि त्यांतून थोडा फायदा दिसतो. मात्र तो थोडाच आहे, आणि शेक घेण्याचा काळही मोजका आहे. तुम्ही अगदी वेळेवर विचारले आहे.

आपण ज्याला अ‍ॅक्युपंक्चर म्हणतो त्याचे चिनी नाव ‘चन-च्यू’ असे जोडनाव आहे. ‘चन’ म्हणजे सुई आणि ‘च्यू’ म्हणजे शेक. आपल्याकडे सुई पोहोचली आणि शेक मागेच राहिला. वास्तविक लिखित पुराव्यांत शेक सुईच्याही आधी भेटतो. हूनान प्रांतात मावांगत्वेइ येथे इ.स.पू. १६८मध्ये बंद केलेले एक थडगे १९७३ साली उघडले गेले, तेव्हा रेशमावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर सापडले. त्यांत शरीरातल्या वाहिन्यांवर शेक देण्यास सांगितले आहे, सुयांचा उल्लेख नाही. शेकासाठी वापरतात ती ‘आय’ ही वनस्पती आपल्या दवण्याची जवळची नातलग आहे. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा आणि चिनी लोक पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, नौकांच्या शर्यतींच्या सणाला, दाराला टांगतात तो आय, हे दोन्ही आर्टेमिसिया या एकाच प्रजातीत मोडतात. आयची पाने वाळवून, मुरवून, कुटून आणि चाळून त्यांचा कापसासारखा मऊ भुगा करतात आणि तो कागदात घट्ट वळून अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची कांडी तयार करतात. जगभर रूढ झालेला ‘मोक्सा’ हा शब्द ‘मोगुसा’ या जपानी शब्दावरून आलेला आहे. या कांडीची ज्योत होत नाही. उदबत्तीसारखा तिचा निखारा धुमसत राहतो आणि लांबूनही त्याची ऊब चांगली लागते.

करंगळीच का, याचे चिनी वैद्यकाचे उत्तर असे आहे. मूत्राशयाची म्हणून जी वाहिनी ते मानतात, ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून निघते आणि कपाळ, डोके, पाठ, मांडीची व पोटरीची मागची बाजू अशी उतरत पायाच्या करंगळीपाशी संपते. तिच्यावर ६७ बिंदू मोजलेले आहेत. शेवटचा सदुसष्टावा बिंदू करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याला लागून आहे आणि त्याच्या ‘चि-यिन’ या नावाचा अर्थ ‘यिनपाशी पोहोचणे’ असा होतो. (‘यिन’ आणि ‘यांग’ ही चिनी विचारात एकमेकांना पूरक मानलेली दोन विरुद्ध तत्त्वे आहेत.) येथे ‘यांग’ वाहिनी संपून मूत्रपिंडाची ‘यिन’ वाहिनी सुरू होते, आणि गर्भाशयाचा संबंध हे वैद्यक मूत्रपिंडाशी जोडत असल्यामुळे या सांध्यावर ऊब दिली की पोटातला गर्भ हालचाल करू लागतो, अशी ती मांडणी आहे. या वाहिन्या शवविच्छेदनात सापडत नाहीत आणि मी माझे उपचार त्यांच्या आधाराने ठरवत नाही. परंतु एखाद्या उपचारामागची मांडणी पटत नाही, म्हणून त्याचा परिणाम मोजूनच पाहायचा नाही, ही वृत्तीही मला वैद्यकाला शोभणारी वाटत नाही.

हा शेक मी एकदा जवळून पाहिला आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे शांघायला राहणारी एक पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि येताना कांड्यांचा डबा घेऊन आली होती. माहेरचे घर माझ्या दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत होते. ‘आम्ही बरोबर करतो आहोत का ते एकदा येऊन बघा,’ अशी तिने गळ घातली म्हणून एका संध्याकाळी मी गेले. ती दिवाणावर पाठीशी दोन उशा घेऊन रेलून बसली होती, कमरेची नाडी सैल केलेली होती, आणि नवरा खाली पाटावर बसून उजव्या हातातली कांडी तिच्या करंगळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून होता. डाव्या हाताचे बोट त्याने तिच्या करंगळीला खेटून ठेवले होते, म्हणजे ऊब वाढली की आधी त्याला कळावे. शेजारी वाटीत तांदूळ होते. दर दोन-तीन मिनिटांनी तो राख त्यात झटकत होता आणि काम संपल्यावर कांडी त्याच तांदळात खुपसून विझवत होता. खिडक्या उघड्या असूनही खोलीत वाळका पाला जाळल्यासारखा उग्र वास भरला होता. दहा मिनिटे झाली असतील, तेव्हा ती बोलता बोलता थांबली आणि माझा हात ओढून तिने आपल्या बरगड्यांखाली ठेवला. आत बाळ जोरजोराने ढुशा देत होते. नवव्या दिवशी सोनोग्राफी केली तेव्हा त्याचे डोके खाली आले होते.

त्याच महिन्यात माझ्याकडे आणखी एक पहिलटकरीण येत होती. तिच्याही बाळाचे डोके ३३व्या आठवड्यात वर होते. तिने काहीच केले नाही आणि तिचेही बाळ फिरले. या दोघींची गोष्ट मी मुद्दाम एकत्र सांगते, कारण या विषयातली सगळी फसगत येथेच होते. २८व्या आठवड्याच्या सुमारास पाचांपैकी जवळजवळ एका बाळाचे डोके वर असते, आणि दिवस पूर्ण भरतात तेव्हा हे प्रमाण शंभरात तीन-चारवर आलेले असते. म्हणजे बहुसंख्य बाळे आपली आपण फिरतात. या काळात शेक घ्या, नवस बोला, पोटाला तेल लावा किंवा काहीही करू नका, श्रेय त्या त्या गोष्टीला मिळून जाते. म्हणून शेकाने खरोखर काही होते का हे ठरवायचे, तर एका गटाला शेक देऊन आणि तशाच दुसऱ्या गटाला न देता दोन्हींची तुलना करावी लागते.

अशी तुलना चीनच्या च्यांगशी प्रांतातील रुग्णालयांमध्ये झाली आणि फ्रान्चेस्को कार्दिनी व ह्वांग वेइशिन यांनी ती १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ३३व्या आठवड्यातल्या २६० पहिलटकरणी तीत होत्या. त्यांच्यापैकी १३० जणींना सात दिवस, आणि गरज पडल्यास आणखी सात दिवस, शेक दिला गेला. ३५व्या आठवड्यात शेक घेतलेल्यांपैकी ९८ जणींच्या बाळांचे डोके खाली आले होते आणि न घेतलेल्यांपैकी ६२ जणींच्या. न घेतलेल्यांतही निम्म्याच्या जवळपास बाळे आपण होऊन फिरली होती, हा आकडा विसरू नका. तरीही दोन गटांतला फरक मोठा आहे. आईने रोज एक तास मोजलेल्या बाळाच्या हालचालींची सरासरीही शेकाच्या गटात ४८ आणि दुसऱ्या गटात ३५ होती. बरगड्यांखाली माझ्या हाताला लागलेल्या त्या ढुशांची मला या आकड्यांवरून आठवण होते.

पुढे कार्दिनी यांनी हाच प्रयोग इटलीत केला, तेव्हा मात्र तसे घडले नाही. अनेक स्त्रियांनी शेक मध्येच सोडला आणि १२३ जणी दाखल झाल्यावर अभ्यास थांबवावा लागला. तोपर्यंत शेक घेतलेल्या ३४ टक्के आणि न घेतलेल्या ३६ टक्के स्त्रियांची बाळे फिरली होती, म्हणजे फरक शून्यच होता. जेनीव्हात २१२ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही १८ आणि १६ टक्के असाच निकाल आला. स्पेनमध्ये ४०६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २०१३ साली पुन्हा शेकाच्या बाजूने कौल दिला. असे उलटसुलट निकाल एकत्र तोलण्याचे काम कॉक्रन ही संस्था करते. तिच्या २०२३च्या आढाव्यात १३ अभ्यास आणि २,१८१ स्त्रिया आहेत. नेहमीच्या देखभालीला शेकाची जोड दिली, तर जन्माच्या वेळी डोके वर राहण्याची शक्यता बहुधा आठव्या हिश्श्याने कमी होते, पण सिझेरियनच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. समजा, शेक न घेता शंभरांपैकी साठ जणींची बाळे तशीच राहणार असतील, तर शेक घेतल्यावर ती बावन्नच्या आसपास राहतील. मला हा फायदा नाकारण्याइतका लहान वाटत नाही, पण त्याच्या भरवशावर पुढचे सगळे ठरवावे इतका मोठाही वाटत नाही.

ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात ३३ ते ३५ आठवड्यांच्या दरम्यान, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, स्त्रीला हा शेक घेण्याचा विचार करता येईल, असे म्हटले आहे. तुमच्या हातात म्हणूनच पुरेसा वेळ आहे. सिंगापुरात चिनी वैद्यकाच्या व्यावसायिकांची कायद्याने नोंदणी होते, तेव्हा नोंदणीकृत वैद्याकडेच जा आणि पहिला शेक त्यांच्यासमोर घ्या. पुढे घरी साधारण पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून एकदा किंवा दोनदा, एक ते दोन आठवडे, असा क्रम असतो. त्याआधी आपल्या डॉक्टरांकडून काही गोष्टींची खात्री करून घ्या. वार खाली आलेली असेल, जुळे असेल, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले असेल, रक्तदाब चढलेला असेल, बाळाची वाढ कमी असेल किंवा गर्भाशयावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर शेकाच्या वाटेला जाऊ नका. दम्याचा त्रास असेल तर धुराचा विचार करा. बिनधुराच्या कांड्याही मिळतात. शेक चालू असताना पोट घट्ट होऊन कळा आल्यासारखे वाटले तर थांबा. बाळाच्या हालचाली कधीही कमी झाल्यासारख्या वाटल्या, तर शेकाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तुमच्या आईची भीतीही अगदी निराधार नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या विळ्याने चटके देण्याची प्रथा आहे, आणि डाग देऊन दुखणे जाते हा समज महाराष्ट्रात इतरत्रही ऐकू येतो. त्यातून बाळे दगावलेली आहेत. करंगळीच्या शेकाचे डागण्याशी काही नाते नाही, हे आईंना जरूर समजावून सांगा. कांडी त्वचेला टेकवायची नसते. ‘आता सहन होत नाही’ असे म्हणण्याची वेळच येऊ द्यायची नाही, नुसती छान ऊब लागली पाहिजे. माझ्याकडे आलेल्या एका स्त्रीच्या करंगळीवर वाटाण्याएवढा फोड होता, कारण शेक देता देता नणंदेचे लक्ष दूरदर्शनकडे गेले आणि पावले सुजलेली असल्यामुळे हिला चटका उशिरा जाणवला. शेवटच्या महिन्यांत स्वतःच्या करंगळीपर्यंत वाकणे तुम्हाला जमणार नाही, तेव्हा कांडी कोणी धरायची आणि त्या पंधरा मिनिटांत त्याने दुसरे काहीही करायचे नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलीला ३४वा आठवडा आहे आणि बाळ पायाळू आहे असे डॉक्टर म्हणाले. मी स्वतः पायाळू आहे. लहानपणी कोणाची कंबर धरली की मला बोलावून पाठीला पाय लावायला सांगत. आमच्या ओळखीतल्या एक अनुभवी सुईणबाई आहेत. त्या म्हणतात, तेल लावून पोट फिरवून देते, चिनी शेक कशाला हवा. मुलगी तयार नाही, जावई नाही म्हणतात. माझे काय चुकते? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, आपले काही चुकत नाही, पण या बाबतीत मुलगी आणि जावई बरोबर आहेत. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण भरलेली पाठ मोकळी होते, त्याला जमिनीखालचे पाणी आणि धन दिसते, विजेपासून त्याने जपावे, या समजुती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. माझ्या आजोळीही एक पायाळू मावशी होत्या आणि गावात त्यांना फार मान होता. पण जी पायाळू बाळे सुखरूप जन्मली तीच मोठी होऊन पाठीला पाय लावायला उरली. जी जन्मताना अडकली, त्यांच्या आठवणी घराघरांत गप्पपणे राहून गेल्या. कुल्ले आणि धड बाहेर आल्यावर सर्वांत मोठा भाग, म्हणजे डोके, मागे राहते, आणि नाळ दाबली जाऊन बाळाला प्राणवायू कमी पडू शकतो. म्हणून डॉक्टर या स्थितीला इतके जपतात.

पोट फिरवण्याबद्दल बोलायचे तर सुईणबाई जे करू म्हणतात ते मुळात चुकीच्या कल्पनेवर आधारलेले नाही. प्रसूतितज्ज्ञही पोटावरून हातांनी बाळ फिरवतात आणि हा उपाय चिनी शेकापेक्षा पुष्कळच परिणामकारक आहे. पहिलटकरणीत दहापैकी सुमारे चार वेळा आणि आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीत सुमारे सहा वेळा तो यशस्वी होतो. फरक आहे तो कधी, कोठे आणि काय हाताशी ठेवून करायचे याचा. पहिल्या खेपेला ३६ आठवडे आणि पुढच्या खेपांना ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर हे करतात. आधी सोनोग्राफीने वार, पाणी आणि बाळाची बैठक पाहतात, बाळाचे ठोके यंत्रावर नोंदवतात, गर्भाशय सैल व्हावे म्हणून गरजेप्रमाणे औषध देतात, आणि आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर त्यासाठीची सुईही देतात. सगळे झाल्यावर पुन्हा ठोके पाहतात. दोनशेत एखाद्या वेळी बाळाचे ठोके बिघडल्याने किंवा रक्तस्राव झाल्याने तातडीने सिझेरियन करावे लागते, आणि म्हणूनच हे काम शस्त्रक्रियागृह शेजारी असलेल्या ठिकाणीच करायचे असते. सुईणबाईंच्या हाताला कितीही अनुभव असला, तरी वार कोठे चिकटली आहे हे त्या हाताला दिसत नाही आणि तेलाच्या वाटीशेजारी शस्त्रक्रियागृह नसते. ३४व्या आठवड्यात घरी जोर लावून पोट फिरवू देऊ नका, ही माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे.

चिनी शेक मात्र मुलीला घ्यायचा असेल तर तिला नक्की विचारा. आपल्या भागात प्रशिक्षित माणूस सहज मिळणार नाही, आणि नुसते चित्रफितीवर पाहून शेक देण्याचा सल्ला मी देणार नाही. न मिळाल्यास हळहळ वाटून घेण्याचे कारण नाही, कारण खरा उपाय ३६व्या आठवड्यानंतरचा आहे आणि तो कोणत्या रुग्णालयात होतो याची चौकशी आजच करून ठेवण्याजोगी आहे.

प्रश्न : मी आयुर्वेदाचा विद्यार्थी आहे. चिनी आयऐवजी आपला दवणा वापरून असा शेक देता येईल का? शेवटी ऊब ती ऊब, मग जागा आणि वनस्पती यांचे इतके माहात्म्य कशाला? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : जागेचे म्हणाल तर स्पेनच्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न विचारलेला होता. तेथे एका गटाला करंगळीपाशी आणि दुसऱ्या गटाला तीच कांडी घेऊन पायाच्या अंगठ्यापाशी शेक दिला, आणि तिसऱ्या गटाला केवळ नेहमीची देखभाल मिळाली. जन्माच्या वेळी डोके खाली असण्याचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५८, ४३ आणि ४५ टक्के आढळले. अंगठ्याचा शेक आणि काहीच न करणे यांत फरक नाही, करंगळीत मात्र आहे, असा त्याचा अर्थ निघतो. एका अभ्यासावरून वाहिन्यांचे अस्तित्व सिद्ध होत नाही, पण ‘ऊब ती ऊब’ या म्हणण्यालाही त्याने आधार मिळत नाही.

वनस्पतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वरील सगळे आकडे चिनी कांडीचे आहेत. प्रजाती एक असली तरी जाती वेगळ्या आहेत, आणि एका जातीचा पुरावा दुसरीला उसना देता येत नाही. थू योयो यांना २०१५ साली ज्या औषधासाठी नोबेल पुरस्कार मिळाला ते हिवतापावरचे आर्टेमिसिनिन याच प्रजातीतल्या एका विशिष्ट जातीपासून मिळाले. नावात साम्य असलेल्या शेजारणीने ते काम केले नसते. दवण्याचा शेक गरोदर स्त्रीवर करून पाहण्याआधी आपल्या महाविद्यालयाच्या नीतिसमितीसमोर त्याचा रीतसर प्रस्ताव ठेवा. तुमच्या मनात खरोखर जिज्ञासा आहे हे पत्रावरून दिसते, म्हणूनच मी इतके परखडपणे लिहिते आहे.

प्रश्न : मला ३७ आठवडे पूर्ण झाले. दोन आठवडे नियमाने करंगळीचा शेक घेतला, गुडघे-कोपरांवर ओणवी राहिले, पोटाच्या खालच्या बाजूला गाणीही लावली. बाळ फिरले नाही. घरातले म्हणतात की तू चुकीच्या जागी शेक दिलास. आता सिझेरियनच उरले का? मला सारखे वाटते की माझेच काही कमी पडले. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तुमचे काहीही कमी पडलेले नाही, हे पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मला सर्वांत आधी सांगावेसे वाटते. ज्या च्यांगशीच्या अभ्यासाचा सगळीकडे दाखला दिला जातो, त्यातही शेक घेतलेल्या १३० पैकी ३२ जणींची बाळे ३५व्या आठवड्यात तशीच होती, आणि त्यांना शिकवून, जागा दाखवून, काटेकोरपणे शेक दिलेला होता. गर्भाशयाचा आकार, वारेची जागा, पाण्याचे प्रमाण, नाळेची लांबी, बाळाने पाय सरळ वर ताणून धरले आहेत की मांडी घातली आहे, अशा कितीतरी गोष्टींवर बाळाचे फिरणे अवलंबून असते आणि त्यांतली एकही तुमच्या हातात नाही. ओणवे राहण्याने बाळ फिरते असा पुरावा नाही आणि गाण्यांनी फिरते असाही नाही. ती गाणी तुम्हाला आवडत असतील तर खुशाल ऐका.

शेक आता थांबवा. त्याची वेळ गेली आहे, आणि तुमचा यापुढचा वेळ दुसऱ्या कामासाठी मोलाचा आहे. साताऱ्याच्या पत्राला उत्तर देताना हातांनी बाळ फिरवण्याविषयी लिहिले आहे, ते तुम्हाला याच आठवड्यात विचारता येईल. डॉक्टरांना सरळ विचारा : ‘माझ्या बाबतीत बाहेरून बाळ फिरवून पाहता येईल का, आणि येत नसेल तर का नाही?’ काही रुग्णालयांत हे केले जात नाही. तसे असेल तर कोठे होते तेही विचारा. एकदा यशस्वीपणे फिरवलेले बाळ पुन्हा उलटे होण्याचे प्रमाण शंभरात तीनपेक्षाही कमी आहे.

तेही जमले नाही तर सिझेरियनचा मार्ग आहे. २६ देशांतील २,०८८ स्त्रियांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, नियोजित सिझेरियनच्या गटात बाळ दगावण्याचे किंवा गंभीर आजारी होण्याचे प्रमाण १.६ टक्के, तर नैसर्गिक प्रसूती योजलेल्या गटात ५ टक्के आढळले होते. त्यानंतर जगभर पायाळू बाळासाठी सिझेरियन हीच रीत झाली. त्या अभ्यासावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि दोन वर्षांनी काही मुलांची पाहणी केली तेव्हा दोन्ही गटांत मृत्यू व वाढीतले दोष यांचे प्रमाण सारखेच निघाले. पण कुल्ल्यांकडून होणारी प्रसूती हाताळण्याची सवय असलेले डॉक्टर मधल्या काळात कमी होत गेले, आणि अशी सवय असलेला चमू चोवीस तास हजर नसेल, तर मी माझ्या लेकीलाही सिझेरियनच सुचवीन. त्यात हरल्यासारखे काही नाही. तारीख ठरलेली असली तरी त्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर वाट न पाहता लगेच निघा, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी पुन्हा एकदा सोनोग्राफी करायला सांगा, कारण काही बाळे अगदी शेवटच्या दिवसांतही फिरतात.

आणखी एक गोष्ट, जी बाळंतपणाच्या गडबडीत हमखास राहून जाते. ३६व्या आठवड्यात किंवा त्यानंतर डोके वर असलेल्या बाळांमध्ये खुब्याचा सांधा उथळ असण्याचा धोका जास्त असतो. नंतर बाळ फिरले, तरी हा धोका गेला असे धरायचे नसते. म्हणून जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांकडून खुबे तपासून घ्या आणि सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. दोष वेळेवर सापडला तर बहुतेक बाळांचे नुसत्या पट्ट्यांच्या साहाय्याने भागते. तोपर्यंत दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून, आवळून बांधू नका. वरचे अंग हवे तर घट्ट गुंडाळा, पण पाय बेडकासारखे दुमडलेले आणि मोकळे राहू द्या, आणि हे मालिश करायला येणाऱ्या बाईंनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.